जामीन मंजूर, तरी माणूस आतच : स्थानिक जामीनदाराची अट काढावी का?

विधी स्वयंसेवक, सातारा

गेल्या हंगामात कराड तालुक्यात ऊसतोडीला आलेल्या बीडकडच्या एका पोरावर विहिरीवरची केबल चोरल्याचा गुन्हा दाखल झाला. चोरली की नाही ते कोर्ट ठरवेल. जामीन तिसऱ्याच आठवड्यात झाला : १५,००० रुपयांचा जातमुचलका, म्हणजे त्याची स्वतःची लेखी हमी, आणि तेवढ्याच रकमेचा एक स्थानिक जामीनदार, म्हणजे सातबारा दाखवून त्याची हमी घेणारा इथला माणूस. आता त्याला इथं ओळखतं कोण? मुकादमानं हात वर केले. हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला, टोळी गावाला गेली, आणि पोरगा जामीन होऊनही पाच महिने कच्चा कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेला कैदी, राहिला. मी भेटले तेव्हा त्यानं विचारलं, "ताई, जामीन झाला म्हणजे नेमकं काय झालं?" मला पटकन उत्तर देता आलं नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यातली ४,३४,३०२ कच्ची. क्षमतेच्या १३१ टक्के भरलेल्या बराकींत रात्री कूस बदलायची तरी शेजाऱ्याला उठवावं लागतं. दोष सिद्ध झालेला नाही, कोर्टानं सोडायलाही सांगितलंय, तरी सातबारावाला ओळखीचा नाही म्हणून माणूस आत ठेवायचा, हा अन्याय आहे. ही अट काढली पाहिजे.

बागायतदार, तासगाव

ताई, तुमची कळकळ समजते, पण आमची बाजूही ऐका. व्यापाऱ्यानं माझी सात लाखांची द्राक्षं उचलली. विसार दिला, बाकीचा चेक वटला नाही. वर्षभरानं सापडला, दोन महिन्यांत जामिनावर सुटला, आणि त्यानंतर एकाही तारखेला आला नाही. वॉरंट परत येतं, त्यावर शेरा : पत्त्यावर मिळून येत नाही. मी मात्र बागेची छाटणी सोडून प्रत्येक तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात बसतो. परगावच्या माणसाला बांधून ठेवणारी एकच दोरी आहे, इथला जामीनदार. ती पण कापणार?

वकील, विटा

दादा, तुमच्या व्यापाऱ्याला जामीनदार होताच ना? मग तो पळाला कसा? कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन उभे राहणारे भाड्याचे जामीनदार असतात. ज्याच्या खिशात पैसा आहे त्याला तसा एक मिळतो. अट अडवते फक्त ऊसतोड्याला.

सर्वोच्च न्यायालयानं ३१ जानेवारी २०२३ ला हेच सांगितलंय. जामीन होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाही, तर कारागृह अधीक्षकानं गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर कोर्ट स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करू शकतं. सुटका लांबण्याचं एक कारण स्थानिक जामीनदाराची अट आहे आणि ती घालू नये, असंही त्यात सुचवलंय. इतकं असून खालच्या कोर्टांत छापील नमुन्यासारखी तीच अट पडते.

गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजना आहे, जामिनाच्या रकमेसाठी. पण पैसे देऊन ओळख येत नाही. त्यासाठी जामीनदाराऐवजी कोर्टात रक्कम भरून घेणारा रोख जामीनच मान्य करायला हवा.

निवृत्त हवालदार, मिरज

वकीलसाहेब, कायदा बरोबर आहे, पण वॉरंट घेऊन एसटीनं परजिल्ह्यात कोण जातं? आम्ही. एका आरोपीसाठी मी दोनदा बीडला गेलो. घराला कुलूप, शेजारी म्हणतात कर्नाटकात तोडीला गेलाय. खोटं नव्हतं ते, पण खटला तिथंच थांबला. अट काढाल तर अशी प्रकरणं वाढतील, हे माझं स्पष्ट मत आहे.

एक मात्र कबूल करतो. आतल्या माणसाची तारीखसुद्धा आमच्यामुळं चुकते. बंदोबस्त लागला की गार्द, म्हणजे आरोपीला कोर्टात नेणारे पोलीस, मिळत नाही, आरोपी हजर करता येत नाही, पुढची तारीख पडते. आता व्हीसीवर, म्हणजे तुरुंगातूनच व्हिडिओवर, हजर करतात, पण साक्ष चालू असताना आरोपीला वकिलाच्या कानात काही सांगायचं असेल तर तो पडद्यातून काय सांगणार?

माणदेशी, आटपाडी

आमच्या गावाजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानच्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी, पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या सोबतीनं १९३९ मध्ये तिथं कैद्यांची खुली वसाहत काढली. भिंत नाही, कैदी शेती करतात, बायकापोरं सोबत राहतात. शिक्षा झालेल्या माणसावर असा विश्वास टाकता येतो, आणि शिक्षा न झालेल्याला सातबारा मागायचा?

बागायतदार, तासगाव

तिथं वागणूक बघून निवडलेले कैदी पाठवतात. माझ्या व्यापाऱ्याला कुणी निवडलं होतं?

वकील, विटा

बरोबर, ती तुलना पुरी पडत नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं, कलम ४७९ बघा. पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्यानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला सोडायचं. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे जुन्या खटल्यांनाही लागू केलं. पण एकाहून जास्त खटले असतील तर हा फायदा नाही. म्हणजे पाच शेतकऱ्यांनी वेगवेगळे गुन्हे नोंदवलेत असा व्यापारी यातून सुटत नाही.

मला हेच पोटकलम सलतं. माण-फलटणकडच्या पारधी पोरावर संशयावरून तीन गुन्हे चढलेले असतात. अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा कायदा १९५२ मध्ये गेला, नजर गेली नाही.

विधी स्वयंसेवक, सातारा

त्या पोराचं शेवटी असं झालं : लोकअभिरक्षकांनी, म्हणजे गरीब आरोपींना मोफत मिळणाऱ्या वकिलांनी, अर्ज केला, कोर्टानं रोख जामिनावर सोडलं. एका पानाचा अर्ज. तो पहिल्या महिन्यातच व्हायला हवा होता, आणि यात आमचीही चूक आहे. कैद्यांची यादी आम्ही दर आठवड्याला मागायला हवी होती.

वकील, विटा

ताई, खालच्या कोर्टानं नाही ऐकलं तरी ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे. सातारा-सांगलीच्या माणसाला आता त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही.

आणि दादा, तुमच्या सरकारी वकिलांकरवी बंधपत्र जप्त करून जामीनदाराकडून रक्कम वसूल करण्याचा अर्ज झाला का? रक्कम सरकारजमा होते, तुम्हाला मिळणार नाही. पण भाड्याच्या जामीनदाराला चटका बसतो. आरोपीला फरार घोषित करून त्याच्या मालमत्तेवर टाच आणण्याचीही मागणी करा.

बागायतदार, तासगाव

असा अर्ज करता येतो हे मला आजवर कुणी सांगितलंच नाही. पुढच्या तारखेला बोलतो. ऊसतोड्याला रोख जामिनावर सोडा, माझी हरकत नाही. पण लाखोंचा माल उचलणाऱ्या परगावच्या माणसाला इथला जामीनदार पाहिजेच, आणि तो खरा आहे का ते कोर्टानं तलाठ्याकडून तपासूनच घ्यावं.