मुलालाही तोच वाय जाणार असेल, तर इक्सी करावी का?

सांगलीकर:
लग्नाला सहा वर्षं झाली. पहिली चार वर्षं सगळ्या तपासण्या बायकोच्याच. मग माझं वीर्य तपासलं, शुक्राणू शून्य. एका डॉक्टरांनी व्हेरिकोसीलचं (वृषणाजवळच्या फुगलेल्या शिरांचं) ऑपरेशन उरकलं, फरक काही नाही. दुसऱ्यांनी रक्त घेतलं: कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची मोजणी, ४६ एक्सवाय, नॉर्मल, पण वाय गुणसूत्रावरचा, शुक्राणू बनायला लागणारा एझेडएफसी हा तुकडाच गायब. (हे रक्त ऑपरेशनच्या आधी घ्यायला काय झालं होतं?) आता वृषणातून शुक्राणू काढून इक्सी करा म्हणतात, म्हणजे लॅबमध्ये एकेक शुक्राणू सुईने स्त्रीबीजात सोडायचा. पण मुलगा झाला तर हाच वाय त्याला जाणार. जाणूनबुजून हे पोराच्या पदरात टाकू नये असं माझं मत. डोनर घ्यावा, नाहीतर दत्तक.

रानवारा:
पदरात टाकू नये म्हणजे काय? बाकी तुम्ही ठणठणीत आहात ना? पोरगाही तसाच असेल. उलट त्याला विशीतच कारण ठाऊक असेल, थोडेफार शुक्राणू असले तर गोठवून ठेवेल. वायवरचेच दुसरे तुकडे, एझेडएफए किंवा बी, पूर्ण गेले असते तर शुक्राणू मिळायची आशाच जवळपास नसते. 'सी'वाल्यांना बऱ्याचदा मिळतात.

बाबूराव_७७:
मुलीला वाय जातच नाही. मुलीचाच गर्भ ठेवायला सांगा की.

रानवारा:
@बाबूराव, १९९४चा लिंगनिवडबंदीचा कायदा विसरलात? गर्भ राहण्याआधीची लिंगनिवडही त्यात येते. मुलगी हवी म्हणून केली तरी.

निळा_छत्री:
माझी तऱ्हा वेगळी. शुक्राणू बनतात, पण शुक्रवाहिन्याच जन्मतः नाहीत. डॉक्टरांनी नुसतं हाताने चाचपून ओळखलं. दोष सीएफटीआर जनुकात. इथे बायकोचंही रक्त तपासावं लागतं, कारण तीही याच दोषाची वाहक निघाली तर मुलाला सिस्टिक फायब्रोसिस होऊ शकतो. फुप्फुसं निकामी करणारा आजार तो. तिथे मी सांगलीकरांच्या बाजूने. पण नुसत्या वंध्यत्वाच्या भीतीने मूलच नको? नाही पटत. मग टक्कल पडणाऱ्यांनीही थांबावं.

सांगलीकर:
टक्कल पडलं म्हणून कुणी बायकोला वांझ म्हणत नाही हो. माझ्या आईला रिपोर्ट दोनदा समजावला, तरी तिच्या लेखी दोष सुनेतच.

माहेरवाशीण:
पोराचा वाय, बापाचा वाय, आईचं मत, सगळं झालं. इक्सीत रोजची इंजेक्शनं घेणार कोण? स्त्रीबीज काढायला टेबलावर झोपणार कोण? धाग्यात तिचं मत कुठे आहे?

सांगलीकर:
विचारलं नाही अजून.