जुनी चाल जशीच्या तशी गायली तर चालते, बदलली की गुन्हा?

सदाशिवपेठी_साउंड
गेल्या महिन्यात जुन्या बाजारातून ७८ आरपीएमची एक ग्रामोफोन तबकडी आणली. १९३०च्या दशकातली, ‘स्वयंवर’ या संगीत नाटकातल्या पदाची. मऊ फडक्यानं पुसून सुई ठेवली आणि खरखरीच्या आडून ऑर्गनचा असा काही सूर आला की मी उठून उभा राहिलो. त्यातले आठ सेकंद कापले, खाली ताशाची तर्री घातली, व्हिडिओ चढवला. तासाभरात आवाज बंद! एका कंपनीनं तेच मुद्रण पुढे सीडीवर काढलं होतं, ते यंत्रानं ओळखलं.

नाटक लिहिणारे खाडिलकर १९४८ साली गेले, चाली देणारे भास्करबुवा बखले १९२२ साली. लेखक-संगीतकाराचा कॉपीराइट मृत्यूनंतर ६० वर्षं, ध्वनिमुद्रणाचा प्रकाशनानंतर ६० वर्षं. सगळ्या मुदती कधीच उलटल्यात, त्यामुळे हे भांडण मी लढेन.

खरं दुखणं वेगळं आहे. ऐंशीच्या दशकातल्या एका भावगीताच्या मुद्रणातले चार बार, म्हणजे तालाची चार आवर्तनं, मला हवेत. ते काढणाऱ्या कंपनीला तीन मेल केले, एकाचंही उत्तर नाही. आता कॉपीराइट कायदा बघा. २०१२च्या दुरुस्तीतलं कलम ३१सी सांगतं की गाणं निघालं त्या वर्षानंतर पाच वर्षं गेली की नोटीस देऊन, वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरून कुणीही ते नव्यानं गाऊन मुद्रित करावं. मूळ मालकाला अडवता येत नाही. मात्र तांत्रिक गरजेपलीकडे बदल करायचा नाही. म्हणजे नक्कल करणाऱ्याला दार उघडं आणि स्वतःचं काही घालणाऱ्याला कुलूप!

१८८० साली याच पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ उभं केलं ते कालिदासाची गोष्ट, कानडी चाली, साकी, दिंडी ही वृत्तं, सगळं एकत्र आणून. मराठी संगीत नाटक उसनवारीतूनच उभं राहिलं. सॅम्पललाही, म्हणजे मूळ मुद्रणातून कापून घेतलेल्या तुकड्यालाही, ठरलेला दर लावा. मी पैसे द्यायला तयार आहे, घेणारा तर समोर येऊ दे.

व्हायोलिनवाल्यांची_लेक
चार बार ‘हवेत’ म्हणता तेव्हा पोटात तुटतं. माझे वडील रेकॉर्डिंगला व्हायोलिन वाजवायचे. पहाटेच्या गाडीनं मुंबई, रात्री परत. एका भावगीताच्या मधल्या पीससाठी त्यांनी आमच्या नारायण पेठेतल्या खोलीत रात्री दोनपर्यंत एकच मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) घोटली होती. आई चिडलेली, शेजारी भिंत ठोकतायत. दुसऱ्या दिवशी पाकिटातून त्या दिवसाचे पैसे मिळाले, पुढे काही नाही.

काही वर्षांपूर्वी तोच पीस एका वरातीत डीजेवर ऐकला. दुप्पट वेगात, वर कसलीशी शिट्टी. बाबा रिक्षात माझ्या शेजारी होते. म्हणाले, “हा माझा हात आहे.” मग घर येईपर्यंत बोलले नाहीत.

ठरलेला दर लावलात की नाही म्हणायची सोयच संपली. मला ते मान्य नाही.

सदाशिवपेठी_साउंड
ताई, वाचून सुन्न झालो. पण नाही म्हणायची सोय आज तरी बाबांकडे आहे का? ती कंपनीकडे आहे, आणि कंपनी मेलही उघडत नाही. ठरलेल्या दरात वादकाचा वाटा लिहून ठेवला तर निदान त्यांच्या हातात काहीतरी पडेल.

शिवाजीनगरची_वकील
दोघांनाही कायदा तोकडा पडतोय. कलम ५२मधली ‘फेअर डीलिंग’ची सूट खासगी वापर, टीका-समीक्षा आणि बातमीदारीपुरती. रिमिक्स त्यात सहज बसत नाही, तेव्हा अमेरिकेतल्या ‘फेअर यूज’चा (परवानगीशिवाय वाजवी वापराच्या मोकळ्या सवलतीचा) भरवसा इथे धरू नका. कलम ५७ विद्रूपीकरणाविरुद्ध दाद मागू देतं, हक्क विकून टाकले असले तरी. पण ते लेखक-संगीतकारासाठी. वादकांचे हक्क १९९४च्या दुरुस्तीनं आले, रॉयल्टीचा वाटा २०१२ला. ऐंशीच्या दशकात वाजवून गेलेल्यांना दोन्ही उशिराच. हे मला फार लागतं.

तरीही सक्तीच्या दराला माझा विरोध आहे. दर ठरवायला बसतील ते मोठ्या कंपन्यांचे लोक. सदाशिव पेठेतल्या एका खोलीत काम करणाऱ्याला तो परवडेल असं कशावरून?

व्हायोलिनवाल्यांची_लेक
आणि किर्लोस्करांचं उदाहरण देताय, तर संगीत नाटकाचं जुनं पुस्तक उघडून बघा. पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून छापलेलं असतं. कुठून उचललं ते वाचणाऱ्याला पहिल्या ओळीआधी कळतं. तुमच्या व्हिडिओखाली ऑर्गन वाजवणाऱ्याचं नाव आहे का?

सदाशिवपेठी_साउंड
नाही. तबकडीच्या लेबलावर गायकाचं आहे, नाटकाचं आहे, ऑर्गनवाल्याचं नाही. मी शोधलंही नाही, ही चूक माझीच. आज रात्री शोधायला बसतो. दराचा मुद्दा मात्र सोडत नाही.

व्हायोलिनवाल्यांची_लेक
नका सोडू. तुमच्या त्या चार बारांत व्हायोलिन असेल तर बाबांना ऐकवायला या. सकाळी दहाच्या आधी, नंतर ते झोपतात. कुणाचा हात आहे ते एका सुरात सांगतील. त्यांचाच निघाला आणि ते नाही म्हणाले, तर वापरायचं नाही. एवढं कबूल असेल तर या.