शब्दचर्चा: पोराचा ‘रहिवास’ कुठला आणि त्याचा ‘ताबा’ कुणाकडे?

तापीकाठ:
मंडळी, एका शब्दापाशी चार दिवस अडले आहे. माझी भाची लग्नानंतर न्यू जर्सीला राहायला गेली. गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुलाला घेऊन पारोळ्याकडे माहेरी आली आणि परत गेली नाही. का गेली नाही ते तिचं तिच्यापाशी. नवऱ्याने तिकडच्या कोर्टातून मूल परत पाठवण्याचा आदेश घेतला, इकडे भाचीने पालकत्वाचा अर्ज टाकला. मुलगा सहा वर्षांचा. माझ्या बहिणीला, म्हणजे त्याच्या आजीला, प्रतिज्ञापत्र करायचं आहे. तिला इंग्रजी येत नाही आणि जे समजलं नाही त्यावर ती सही करत नाही. म्हणून तिकडच्या आदेशाचं मराठी मी करते आहे. मी शाळेत मराठी शिकवत होते.

आदेशात एकदा ‘होम स्टेट’ आहे, एकदा ‘हॅबिच्युअल रेसिडेन्स’ आहे. आपल्या अर्जात ‘ऑर्डिनरिली रिझाइड्स’ आहे. तिन्ही ठिकाणी ‘सामान्यतः राहण्याचे ठिकाण’ लिहिलं तर वादच पुसला जातो. वाद तर नेमका याचाच आहे की पोरगा राहतो कुठे. मोबाईलवर भाषांतर करून पाहिलं, ‘सवयीचे निवासस्थान’ आलं. सवय चहाची लागते, तंबाखूची लागते. घराची सवय असं कुणी म्हणतं का?

दुसरी गोष्ट. ‘कस्टडी’ला मी सगळीकडे ‘ताबा’ लिहिला होता. वाचून दाखवलं तर बहीण म्हणाली, “पोर काय वावर शे का, ताबा लेवाले?” पोर काय शेत आहे का, ताबा घ्यायला. मी तिथेच थांबले.

गिरणाकाठ:
ताई, मी चाळीसगावला वकिली करतो. हे तीन शब्द तीन वेगळ्या कायद्यांतले आहेत, त्यांना एका दोरीत बांधू नका.

‘होम स्टेट’ अमेरिकेतल्या राज्यांच्या कायद्यातला. अर्ज दाखल होण्याआधी सलग सहा महिने मूल ज्या राज्यात आई, बाप किंवा पालकासारख्या माणसासोबत राहिलं, ते राज्य. मूल तिथून नेलं तरी एक पालक तिथेच राहत असेल आणि सहा महिन्यांच्या आत अर्ज पडला, तर त्या राज्याचा अधिकार टिकतो. यात मायाममता नाही, कॅलेंडर आहे. म्हणून ‘गृहराज्य’ लिहू नका, वाचणाऱ्याला त्यात घराची ऊब दिसेल. ‘सहा महिन्यांच्या वास्तव्याचे राज्य’ लिहा. लांब आहे पण खरं आहे.

‘हॅबिच्युअल रेसिडेन्स’ १९८० च्या हेग करारातला. मूल एका देशातून दुसऱ्या देशात गैरपणे नेलं तर ते परत पाठवण्याचा हा करार, सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी. त्यात या शब्दाची व्याख्याच दिलेली नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं की सगळी परिस्थिती एकत्र बघायची, आईबापांत ‘इथेच राहायचं’ असा करार झालेला असलाच पाहिजे असं नाही. ते प्रकरण इटलीत जन्मलेल्या तान्ह्या मुलीचं होतं. भारताने या करारावर सही केलेली नाही.

‘ऑर्डिनरिली रिझाइड्स’ आपल्या पालक व पाल्य अधिनियम, १८९० च्या कलम ९ मधला. मूल जिथे सामान्यतः राहतं तिथल्या कोर्टात अर्ज. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये म्हटलं की हा मुख्यतः वस्तुस्थितीचा, फार तर कायदा आणि वस्तुस्थिती या दोन्हींचा मिश्र प्रश्न आहे, प्रत्येक प्रकरणात पुरावा बघूनच ठरेल. तेव्हा तिन्हींना तीन शब्द हवेतच.

पांझरा:
ताईंनी प्रश्न फार महत्त्वाचा काढला आहे. मराठीत प्रतिशब्द नाहीत असं म्हणण्याआधी घडवून बघावेत. ‘नित्यवास’ हा हॅबिच्युअलसाठी, ‘सामान्य वास’ ऑर्डिनरीसाठी. ‘अधिवास’ मात्र घेऊ नका, तो तहसील कचेरीच्या दाखल्यात डोमिसाइलसाठी बसलेला आहे. कस्टडीला ‘अभिरक्षा’. अभि म्हणजे सर्व बाजूंनी, रक्षा म्हणजे राखण. मुलाला शोभणारा शब्द आहे. ‘ताबा’ मुळात आपला नव्हेच, अरबीतून आलेला.

सातपुडा:
पांझरा सर, तुमच्या वयाचा मान ठेवून म्हणतो, पारोळ्याच्या आजीला ‘अभिरक्षा’ वाचून दाखवा आणि काय समजलं ते विचारा. ताई तिच्यासाठीच भाषांतर करताहेत ना.

आणि ताई, घराची सवय असते. आमच्या सावद्याकडे नवा बैल आणला की आठ दिवस तो जुन्या गोठ्याच्या वाटेला लागतो. त्याला घरची सवय म्हणतात. सहा वर्षांच्या पोराला तर असतेच. मोबाईलने शब्द वाईट दिला असेल, पण त्याच्या आत काहीतरी बरोबर आहे.

तापीकाठ:
हे मी विचारात घेतलंच नव्हतं. तरी न्यायाधीशांसमोर ‘सवयीचे’ जाणार नाही माझ्या हातून.

लळिंग:
मी धुळ्याला कोर्टात कारकून होतो, आता निवृत्त आहे. ताब्याबद्दल पांझरा सरांना एक सांगायचं आहे. अरबी ‘ताबिअ’ म्हणजे मागून चालणारा. त्यातूनच ‘ताबेदार’. ताबेदार माणूस असतो, वावर नसतं. म्हणजे ताबा आधी माणसांचा होता, जमिनीवर नंतर गेला. ताईंच्या बहिणीचं वाक्य काळजाला लागणारं आहे, पण व्युत्पत्तीने उलटं आहे.

भरीतभाकरी:
व्युत्पत्ती काहीही असो, लळिंग काका. आज तलाठ्याकडे ताबा म्हणजे जमीन, पोलिसांकडे ताबा म्हणजे आरोपी. या दोन्हींच्या मध्ये पोराला बसवायचं का? आमच्याकडे ‘सांभाळ’ म्हणतात, बोलताना ‘सांभाय’. पोरले माय सांभायस. कोर्टाला यापेक्षा वेगळं काय विचारायचं असतं?

गिरणाकाठ:
वेगळंच विचारायचं असतं, ताई. सांभाळ आजी करते, शेजारीण करते, पाळणाघर करतं. कस्टडी म्हणजे मूल कुणाजवळ राहील याचा हक्क. पालकत्व त्याहून वेगळं: शाळा, औषधपाणी, मालमत्ता यांचे निर्णय. बापाकडे पालकत्व आणि आईकडे कस्टडी असं होऊ शकतं. सगळ्याला ‘सांभाळ’ म्हटलं तर भाचीच्याच अर्जाचं नुकसान होईल.

आणि पालकत्वाच्या कायद्यात एका साध्या शब्दावर केवढं अवलंबून होतं ते बघा. १९५६ च्या हिंदू कायद्यात कलम ६ म्हणतं, नैसर्गिक पालक बाप, आणि त्याच्या ‘आफ्टर’ आई. सगळे धरून चालायचे, बाप मेल्यावर. रिझर्व्ह बँक प्रतिवादी असलेल्या १९९९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, ‘आफ्टर’ म्हणजे मृत्यूनंतर नव्हे, त्याच्या गैरहजेरीत. बाप जिवंत असून लक्ष देत नसेल तरी आई पालक. आता मराठीचा ‘पश्चात’ घ्या. “माझ्या पश्चात पोरांचं काय” म्हणजे मेल्यावर. “माझ्या पश्चात दुकान बघ” म्हणजे मी गावाला गेल्यावर. दोन्ही अर्थ एका शब्दात आधीपासून आहेत. कलम मराठीत वाचणाऱ्याला तो निकाल आपल्याच भाषेतला वाटला असता.

पांझरा:
‘पश्चात’ संस्कृत आहे, हे नोंदवून ठेवतो.

सातपुडा:
शब्दांनी माणसाला काय होतं ते सांगतो. मी नऊ वर्षांचा असताना वडील गेले. सातबाऱ्यावर माझ्या नावापुढे ‘अज्ञान’ लागलं आणि ‘अ.पा.क.’ म्हणून आईचं नाव. अज्ञान पालन कर्ता. चौथीत असताना तो उतारा मी स्वतः वाचला. वर्गात पहिला येत होतो, आणि सरकारने मला अज्ञान लिहिलेलं. आईला विचारलं तर तिलाही सांगता येईना. अठरा झाल्यावर तो शेरा कमी करायला अर्ज केला, फेरफार झाला, तेव्हा कळलं की ‘सज्ञान’च्या उलट ‘अज्ञान’, बुद्धीशी संबंध नाही. ताई, आदेशात ‘मायनर’ असेल तिथे ‘अल्पवयीन’ लिहा. तो पोरगा उद्या मोठा होऊन हा कागद वाचेल.

तापीकाठ:
सातपुडा भाऊ, सगळीकडे बदलते. आजच.

लळिंग:
माझ्या नोकरीतली एक आठवण सांगतो, ओळख पटेल असं काही सांगत नाही. साहेब मुलांशी चेंबरमध्ये बोलायचे. मूल समजतं झालेलं असेल तर त्याची इच्छा विचारात घेता येते, तसं १८९० च्या कायद्यात आहे. एकदा साहेबांनी विचारलं, “तू राहतोस कुठे?” मुलाने बापाचं गाव सांगितलं. मग विचारलं, “तुझं घर कुठलं?” त्याने आजोळचं गाव सांगितलं. एका मिनिटात दोन उत्तरं. बाहेर दोन्ही वकील आपापलं उत्तर धरून बसले. साहेब मला म्हणाले, दोन्ही लिहून घ्या. ‘राहणं’ आणि ‘घर असणं’ हे मराठीत एक नाही, ताई, तुमच्या तीन शब्दांचं मूळ तिथे आहे.

भरीतभाकरी:
तापीकाठ ताई, आदेशात ‘अ‍ॅबडक्शन’ आहे का? असेल तर कृपा करून ‘अपहरण’ लिहू नका. हेग कराराच्या नावात तो शब्द आहे, पण आत कलम ३ मध्ये ‘गैरपणे हलवणे किंवा ठेवून घेणे’ अशाच अर्थाचे शब्द आहेत. मार खाऊन माहेरी आलेल्या बाईने स्वतःचं लेकरू सोबत आणलं, त्याला अपहरण म्हणणार?

आणि ‘ठेवून घेणे’ वाचून मला रडू आलं होतं. खान्देशात आखाजीला लेक आली की झोका बांधतात, आणि चार दिवस जास्त राहिली की आई अभिमानाने सांगते, “मी ठेवून घेतली तिला.” तोच शब्द तिकडे गुन्ह्याच्या शेजारी बसतो.

गिरणाकाठ:
भरीतभाकरी ताई, तुमचं दुःख मला कळतं, पण शब्द एका बाजूच्या सोयीने निवडता येत नाही. १९८६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आठवा. तिथे बाप मुलाला अमेरिकेतून पुण्याला घेऊन आला होता आणि आई तिकडे शोधत होती. न्यायालयाने मूल आईकडे देऊन अमेरिकेला परत जाऊ दिलं. तेव्हा बापाला आपण काय म्हणालो असतो? “ठेवून घेतलं” म्हणालो असतो का? आज न्यू जर्सीतही एक खोली रिकामी आहे.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की परदेशी आदेश ही लक्षात घ्यायच्या बाबींपैकी एक बाब आहे, शेवटचा विचार मुलाच्या कल्याणाचा. इथे कुणी आपोआप जिंकत नाही. २०२० च्या निकालात तर भेटीचा हक्क आणि फोनवर, व्हिडिओवर बोलण्याचा संपर्काचा हक्क वेगवेगळे सांगितले आहेत. मूल कुणाहीकडे असो, दुसऱ्याचा आवाज त्याला ऐकू आला पाहिजे.

भरीतभाकरी:
खोली रिकामी आहे हे मान्य. अपहरण मान्य नाही.

पांझरा:
मूळ प्रश्नाकडे यावं. ‘नित्यवास’ला कुणाचा आक्षेप आहे का?

सातपुडा:
माझा आहे. आपण पत्त्यात काय लिहितो? मु. पो. सावदा. मुक्काम. आता एसटीची मुक्कामी गाडी म्हणजे रात्रीपुरती थांबणारी, पहाटे निघून जाणारी. वारीचा मुक्काम एका रात्रीचा. पण पत्त्यावर मुक्काम म्हणजे जन्माची जागा. मूळ अरबी, उभं राहायची जागा. थांबणं आणि कायम असणं हे दोन्ही त्यात आहेत. पोराचा मुक्काम न्यू जर्सी होता की पारोळा आहे, हाच तर खटला आहे. ‘नित्य’ लिहून तुम्ही निकाल आधीच लावता.

लळिंग:
मुक्काम कोर्टात चालणार नाही, कुणीही रात्रीपुरता अर्थ काढेल.

गिरणाकाठ:
१९८४ च्या एका निकालात ‘मोस्ट इंटिमेट कॉन्टॅक्ट’ असा निकष आहे: खटल्यातल्या प्रश्नांचा ज्या जागेशी सर्वांत निकटचा संबंध, तिथल्या कोर्टाचा अधिकार. मी ते एकदा पक्षकाराला समजावताना ‘जिव्हाळ्याचा संबंध’ म्हणालो. तो म्हणाला, मग तर आमचं गावच. समोरच्याच्या वकिलाला विचारलं असतं तर तोही हेच म्हणाला असता.

सातपुडा:
‘जिव्हाळा’ म्हणजे जिवंत झरा. विहीर खोदताना जिव्हाळा लागला म्हणतात आमच्याकडे.

पांझरा:
जिव्हाळा हा ‘जीव’वरून की ‘जिव्हा’वरून, यावर वेगळी चर्चा व्हावी. मला ‘जीव’ वाटतो.

तापीकाठ:
सगळ्यांना मनापासून नमस्कार. प्रतिज्ञापत्र सोमवारी द्यायचं आहे. ‘होम स्टेट’ला गिरणाकाठ सरांचा लांब शब्द घेतला. कायद्यातल्याला ‘सामान्यतः राहते’ तसंच ठेवलं. ‘हॅबिच्युअल रेसिडेन्स’ला ‘नेहमीचा रहिवास’ लिहून पुढे मूळ शब्द देवनागरीत दिला. पांझरा सर, रागावू नका. बहिणीला वाचून दाखवलं, ती म्हणाली, नेहमीचा म्हणजे कधीपासूनचा? मी उत्तर दिलं नाही. ‘ताबा’ खोडून ठेवला आहे. एकूण सात ठिकाणी जागा कोरी आहे.

सातपुडा:
ताई, ‘हवाली’ पाहिला का?

पांझरा:
तोही अरबीच.

लळिंग:
कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, रोजनाम्यात, आम्ही तोच लिहायचो. “मूल आईच्या हवाली केले.” पण तो त्या दिवसापुरता असतो, ताई. पुढच्या तारखेला परत विचारतात.