शिबिरानंतरची चर्चा : किराणा यादीत काय बदलायचं

बी 402: रविवारच्या सोसायटीच्या आरोग्य शिबिरात आपल्यातल्या बऱ्याच जणांचं एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) 5.7 ते 6.4 च्या मधे आलंय. माझं पण. म्हणजे डायबेटिस नाही पण दारात उभा आहे. डॉक्टर म्हणाले आहार सांभाळा, आणि लगेच पुढच्याला बोलावलं. आता सांभाळायचं म्हणजे नक्की काय करायचं हो?

ए 101: काका, भात आणि पोळी बंद करून टाका. आमच्या ऑफिसात एकाने केलं, 2 महिन्यात 8 किलो उतरलं

बी 402: भात सोडून मी जगेन असं वाटत नाही 🙏

ए 203: एकदम बंद नका करू काही, प्लीज. मी इतकी वर्षं हॉस्पिटलच्या आहार विभागात काम केलंय, बंद केलेलं सगळं सणावाराला दुप्पट होऊन परत येतं. आणि काका, तुम्ही एकटे नाही, 2023 मध्ये आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) मोठा अभ्यास आला त्यात देशात 10 कोटींच्या वर लोकांना डायबेटिस आणि 13 कोटींच्या वर लोक तुमच्यासारखे उंबरठ्यावर असा अंदाज होता. माझं म्हणणं एवढंच आहे की ताटात वाढल्यावर विचार करायला उशीर झालेला असतो, जे घरात येतं तेच खाल्लं जातं, म्हणून ठरवायचं ते महिन्याची यादी करताना. जरा वेळाने सविस्तर लिहिते, कुकर लावलाय.

सी 304: ताई नक्की लिहा, आमच्याकडे सासऱ्यांचं पण वाढलंय

ए 203: हं, लिहिते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 ला नवीन मार्गदर्शन काढलं, त्यातले आकडे माणशी-रोजचे आहेत, ग्रॅममध्ये, आणि स्वयंपाक करताना कोण ग्रॅम मोजणार, म्हणून मी ते चार माणसांच्या महिन्यात बसवते.
तेल माणशी दिवसाला 20 ते 30 ग्रॅम. म्हणजे चौघांना महिन्याला 3 लिटर, फार तर चार, आणि यात तूप-लोणी पण धरायचं. 5 लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर माणशी 38 ग्रॅमच्या आसपास जातंय, आणि बाहेरचा वडापाव, फरसाण त्यात नाहीच.
साखर जास्तीत जास्त 25 ग्रॅम, म्हणजे महिन्याला 3 किलो, पण त्यात बिस्किटं, सॉस, जॅम, सरबतं सगळ्यातली आली, तेव्हा डब्यातली साखर 2 किलोत भागली पाहिजे. मीठ 5 ग्रॅम, चौघांना 600 ग्रॅम, म्हणजे एक किलोची पिशवी दीड महिन्याच्या पुढे जायला हवी. लोणचं-पापडातलं मीठ पण यातच धरायचं, हे लक्षात ठेवा.
आणि आता जे वाढवायचंय ते. डाळी-कडधान्यं माणशी 80-85 ग्रॅम, म्हणजे महिन्याला 10 किलो! आपल्याकडे बहुतेक घरात 4 किलो पण येत नाही. अंडी-मासे खाणाऱ्यांनी त्यातला काही भाग त्याने भरून काढला तरी चालतं. भाजी माणशी 400 ग्रॅम, घरात रोज दीड किलोच्या वर. भात कमी करायला जबरदस्ती लागतच नाही, मोड आलेल्या मटकीची वाटी भरून उसळ आणि कोशिंबीर आधी पोटात गेली की भात आपोआप एका मुदीवर येतो. खरं सांगते, काका, भात सोडायची गरज नाही.

बी 402: एका मुदीवर तयार आहे मी 😊

ए 101: 10 किलो डाळ म्हणजे बजेट?

ए 203: दादा, तेलाचे 2 लिटर कमी झाले, बिस्किटं-चिवडा-नूडल्सची पाकिटं कमी झाली, तो पैसा इकडे वळवा. सगळा फरक नाही भरून निघणार, पण बराच निघेल. चवळी, मसूर, कुळीथ घ्या, सगळं तूरडाळीवरच नको.

सी 304: आम्ही दोघं 8 ला बाहेर पडतो, मुलं संध्याकाळी 5 ला येऊन डायजेस्टिव्ह बिस्किटंच खातात, ती तरी चालतात ना?

ए 203: पाकीट उलटं करून बघ गं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, म्हणजे जे पहिलं ते सगळ्यात जास्त. पहिला मैदा आणि दुसरी-तिसरी साखर किंवा पाम तेल दिसलं की पुढे कितीही गहू-ओट्सची चित्रं असू देत. साखरेच्या ग्रॅमला 4 ने भाग, तेवढे चहाचे चमचे. सोडियमला अडीचने गुण, तेवढं मीठ. मुलांनाच वाचायला सांग, त्यांना आवडतं हे गणित. आणि 5 ला समोर दुसरं काही दिसलं पाहिजे ना, उकडलेले शेंगदाणे, फुटाणे, केळं, आता तुरीच्या शेंगा यायला लागल्यात त्या मीठ घालून उकडून ठेव. रविवारी थालीपिठाची भाजणी दळून आणलीस की आजोबा पण लावून देतील मुलांना.

डी 102: आम्ही साखर सोडून गूळ आणि साधं मीठ सोडून सैंधव सुरू केलंय, मग प्रमाण बघायला नको ना?

ए 203: बघायलाच हवं वहिनी. गुळात थोडं लोह असतं पण चमचाभर गुळातून मिळतं ते नाममात्र, रक्तातली साखर त्याने पण तशीच वाढते. सैंधव पण मुख्यतः सोडियम क्लोराइडच, आणि बऱ्याच सैंधवात आयोडीन घातलेलं नसतं. कमी सोडियमचं म्हणून जे मीठ मिळतं त्यात पोटॅशियम असतं, घरात कोणाला किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात आणू नका. हे मी खूप कळकळीने सांगतेय.

बी 402: भाकरीचं काय? ज्वारीची खाल्ली तर चार चालतात का

ए 203: चार नको 🙂 ज्वारीत पण पिष्ट आहेच, पण चाळलेल्या पिठाच्या पोळीपेक्षा तंतू जास्त, पोट लवकर भरतं. दोन पोळ्यांच्या जागी एक भाकरी, सोबत पालेभाजी, झणझणीत हवं तर लसणाची चटणी, आणि जेवण झाल्यावर खाली गार्डनला दोन-तीन फेऱ्या. सकाळी घाई असेल त्यांनी ज्वारीच्या पिठाची धिरडी करा, भाकरी थापता येत नाही म्हणून अडून बसू नका.

सी 304: भाकरी मला खरंच नाही जमत, पोळीभाजी केंद्रातून आणली तर?

ए 203: आण की, त्यात काय. फक्त भाजी घरी कर, बाहेरच्या भाजीवर तेलाचा तवंग असतो.

डी 102: माझे काका मंगळवेढ्याला आहेत, तिकडची मालदांडी ज्वारी मिळेल. 50 किलोच्या वर ऑर्डर झाली तर टेम्पोने पाठवतील असं म्हणाले. कोणाला किती हवी ते आजच लिहा

ए 203: आमची 10 किलो.

बी 402: 10 किलो. आणि मटकी पण असेल तर विचारा वहिनी

सी 304: 5. तेलाचा डबा या महिन्यात 3 लिटरचाच आणतेय, सासूबाईंशी बोलणं झालं

ए 101: 5 किलो लिहा आमची पण. गिरणीवाल्याला सांगून ठेवतो, गहू दळल्यावर लगेच त्याच जात्यात नको घालू म्हणून