परदेशवारीतली प्रसाधनांची पिशवी: काय नेलंत, काय टोपलीत गेलं, कशाने तारलं?

निळीशाई

मे महिन्यात सासूबाई, नवरा, नववीतली लेक आणि मी असे चौघं स्वित्झर्लंड-इटलीला निघालोय. कपडे ठरले, मेतकूट-खाकऱ्याचंही ठरलं, पण बाथरूममधल्या पिशवीपाशी घोडं पेंड खातंय. लेकीच्या यादीत चौदा बाटल्या आहेत. सासूबाईंच्या यादीत तीनच गोष्टी: खोबरेल, टाल्कम पावडर आणि टिकल्या.

आधी माझा अनुभव सांगते. थायलंडला जाताना १५० मिलीची सनस्क्रीनची ट्यूब हातातल्या बॅगेत ठेवली होती, अर्ध्याहून जास्त संपलेली. तपासणीतल्या बाईंनी ती उचलून शांतपणे टोपलीत टाकली. म्हटलं, अहो, आत जेमतेम ५० मिली असेल. त्यांनी काही न बोलता ट्यूबवर छापलेल्या आकड्यावर बोट ठेवलं. आत किती उरलंय याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं, हे तेव्हा कळलं. साडेसातशे रुपयांची शिकवणी.

तुमचे अनुभव लिहा. जळालेले, सांडलेले, सगळे चालतील.

पसारा_आवर

१०० मिलीचं हे लचांड २००६ सालचं. लंडनहून निघणारी विमानं द्रव स्फोटकांनी उडवायचा कट त्या ऑगस्टमध्ये उघडकीला आला आणि तेव्हापासून आपली क्रीमं संशयित झाली. प्रत्येक डबी जास्तीत जास्त १०० मिलीची, आणि सगळ्या मिळून एक लिटरच्या एका पारदर्शक पिशवीत. टूथपेस्ट, जेल, लिप ग्लॉस, मस्कारा सगळं त्यात धरतात. काही विमानतळांनी नवे स्कॅनर बसवून हे सैल केलंय, पण जाताना सुटलेली बाटली परतीच्या किंवा मधल्या विमानतळावर अडकू शकते. म्हणून सगळ्यांत कडक विमानतळ धरून पिशवी भरायची.

माझी युक्ती: कॉन्टॅक्ट लेन्सच्या जुन्या डब्या. एका खणात डोळ्यांखालचं क्रीम, दुसऱ्यात फाउंडेशन. आठ-दहा दिवस आरामात पुरतं. बाटल्यांचं झाकण काढून तोंडावर प्लॅस्टिकचा तुकडा ठेवायचा, मग झाकण घट्ट लावायचं. विमानात हवेचा दाब कमी होतो, बाटलीतली हवा फुगते आणि शाम्पू वाट शोधतो. एकदा शाम्पूने माझ्या पैठणीचा पदर धुऊन काढला होता, तेव्हापासून ही खबरदारी.

वऱ्हाडी_ठेचा

निळीशाई, सासूबाईंच्या खोबरेलासाठी खास थांबलो. आम्ही नागपूरचे. मे महिन्यात आमच्याकडे खोबरेल पाण्यावाणी वाहते. आईने बारीक तोंडाच्या बाटलीत भरून नेले. लुसर्नच्या हॉटेलात सकाळी बघतो तर बाटलीत पांढरा दगड! साधारण २४ अंशांच्या खाली ते गोठतेच ना बाप्पा. आईने आधी टूथब्रशच्या दांड्याने टोकरून पाहिले, मग बाटली रेडिएटरवर ठेवली. तो मे महिन्यात बंद. शेवटी गरम पाण्याच्या नळाखाली दहा मिनिटे धरली, तेवढ्यात बस लागली. टूर मॅनेजर खाली नावाने हाका मारतोय आणि आई म्हणते, "अर्धा भांग झाला, थांब म्हणा त्याला."

रुंद तोंडाच्या डबीत न्या, बोटाने काढता येते. नाहीतर बदामाचे तेल न्या, ते थंडीत गोठत नाही. पण हे आईला सांगायची माझी हिंमत नाही.

आवळासुपारी

टमरेल. फोल्डिंगचं मिळतं. युरोपातल्या बहुतेक हॉटेलांत जेट स्प्रे नसतो. यापुढे काही बोलत नाही.

घाटावरचा

वरच्या ताईंशी बाडीस. पाण्याची रिकामी बाटलीसुद्धा चालते. आणि ओले वाइप्स कमोडमध्ये टाकू नका, आमच्या खोलीचा कमोड तुंबला होता आणि नाव सगळ्या ग्रुपचं खराब झालं.

सायसाखर

स्वित्झर्लंड म्हटलंत म्हणून सविस्तर लिहिते. आम्ही युंगफ्राऊयोखला गेलो होतो, ३४५४ मीटर उंचीवर. अहोंचं म्हणणं, "बर्फात कसलं आलंय ऊन?" सनस्क्रीन लावायला साफ नकार. मी कपाळ, नाक, गाल असं रीतसर थापलं. संध्याकाळी इंटरलाकेनला उतरलो तोवर अहोंचं नाक टोमॅटो झालं होतं. मी हसत होते आणि हसताना हनुवटीखाली आग होत होती. आरशात पाहिलं तर हनुवटीची खालची बाजू आणि नाकपुड्यांच्या कडा भाजलेल्या! ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणजे ऊन खालूनही येतं. शिवाय दर हजार मीटरला ही किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात. वर गार वारा असल्याने भाजतंय हे समजत नाही.

तेव्हा हनुवटीखाली, कानांच्या पाळ्यांवर, नाकाच्या खाली लावा. ओठांसाठी एसपीएफवाला लिप बाम वेगळा घ्या, साधं व्हॅसलीन उन्हाला अडवत नाही. सासूबाईंच्या टाल्कमच्या आधी हे. अहोंच्या नाकाचे पापुद्रे व्हेनिसपर्यंत निघत होते, सगळ्या फोटोंत दिसतात.

अर्धा_कप

ड्रायर आणि स्ट्रेटनरबद्दल कोणी बोललं नाही अजून. मी न्यू जर्सीत राहते. बहीण पुण्याहून आपला लाडका ड्रायर घेऊन आली. इथे वीज १२० व्होल्टची, आपल्याकडे २३०. ड्रायर चालला, पण म्हाताऱ्या माणसाने चहावर फुंकर घालावी तसा. निम्म्या व्होल्टला ताकद पावच उरते. मग इथून एक नवा घेतला, परत जाताना तो पुण्याला नेला, ॲडाप्टर लावून भिंतीत खुपसला. धूर, वास आणि सोसायटीत वीज गेल्याची बोंब. ॲडाप्टर फक्त पिना बदलतो, व्होल्ट नाही. मागे '१००-२४० व्होल्ट' छापलंय का बघा, नसेल तर ड्रायर घरीच ठेवा. बहुतेक हॉटेलांत असतोच.

युरोपात व्होल्टचा प्रश्न नाही, पण स्वित्झर्लंडचं सॉकेट वेगळं आहे. खोलगट, षटकोनी. जर्मनीत चालणारा जाडा गोल ॲडाप्टर त्यात बसतच नाही, बारीक दोन पिनांचा लागतो.

घाटावरचा

पुरुषांसाठी: ट्रिमरमध्ये लिथियम बॅटरी असते, तो हातातल्या बॅगेत ठेवा. पॉवर बँक तर चेक-इनला अजिबात नाही.

खाडीकाठ

निळीशाई, थायलंडला तुमची ट्यूब टोपलीत गेली ते बरंच झालं असेल कदाचित. ऑगस्ट २०२१ पासून तिथल्या सागरी राष्ट्रीय उद्यानांत ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट, ४-मिथाइलबेन्झिलिडीन कॅम्फर आणि ब्युटिलपॅराबेन यांपैकी काहीही असलेलं सनस्क्रीन बंद आहे. प्रवाळांना अपाय होतो म्हणून. दंड एक लाख बाटपर्यंत. हवाईमध्ये २०२१ पासून यांतल्या पहिल्या दोन रसायनांची सनस्क्रीन विकायलाच बंदी आहे. फी फी बेटांकडे जाताना आमच्या बोटवाल्याने ट्यूब मागितली आणि मागची बारीक अक्षरं वाचली. माझ्यात निघालं ऑक्टिनॉक्सेट. दिवसभर पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घालून पोहले. आम्ही गोव्याच्या, समुद्राकाठी वाढलेल्या, पण आपल्या ट्यूबमध्ये काय आहे हे वाचायची वेळ कधी आली नव्हती.

झिंक ऑक्साइडवालं घ्या, पण ते चेहऱ्यावर पांढरं दिसतं. फोटोंत आम्ही सगळे दशावतारातले.

दुधावरची_साय

मी सायसाखर नव्हे हो, दुसरी. मेलबर्नला लेकीकडे जाताना घरचं उटणं नेलं होतं, डाळीच्या पिठाचं. तिकडे वनस्पतिजन्य काहीही असेल तर उतरतानाच्या कार्डावर लिहावं लागतं. लेकीने फोनवर दहा वेळा बजावलं होतं, म्हणून 'हो' वर खूण केली. अधिकाऱ्याने डबा उघडला, वास घेतला, "हे खायचं?" विचारलं. मी हाताला चोळून दाखवलं. उटणं ठेवून घेतलं, पण दंड नाही. माझ्या पुढच्या गृहस्थांनी 'नाही' लिहिलं होतं आणि बॅगेतून सुपारी निघाली, ते बिचारे अर्धा तास तिथेच.

परतीला टाल्कमचा मोठा डबा हातात ठेवू नका. ऑस्ट्रेलियातून निघताना अशा पावडरींना ३५० मिलीची मर्यादा आहे.

कोरा_कागद

जपानला मी अर्धी बॅग यातच भरली आणि हात लावला नाही. साध्या हॉटेलांतसुद्धा खाली लॉबीत टूथब्रश, कंगवा, रेझर ठेवलेले, हवं तेवढं घ्या. प्लॅस्टिक कमी करायच्या २०२२च्या कायद्यानंतर खोलीऐवजी तिथे ठेवायला लागले. ओन्सेनमध्येही, म्हणजे गरम झऱ्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्नानगृहात, शाम्पू-साबण असतो. पाण्यात उतरण्याआधी स्टुलावर बसून स्वच्छ अंघोळ करायची आणि केस वर बांधायचे. केसांचा रबर मात्र मी नेला नव्हता! शेजारच्या आजींनी स्वतःचा काढून दिला.

निंबोणी

नववीतल्या लेकीच्या चौदा बाटल्यांत रेटिनॉल किंवा ॲसिडवालं सीरम असेल तर ते घरी ठेवायला लावा. त्वचा उन्हाला हळवी होते, आणि तुम्ही बर्फात चाललाय. माझ्या भाचीने रोममध्ये नवंकोरं सीरम उघडलं, तिसऱ्या दिवशी गालांवर पुरळ. सगळ्या फोटोंत कोलोसियमपेक्षा स्कार्फ मोठा. जे रोज वापरता तेच न्या.

आणि पॅड घरूनच न्या, आपल्या सवयीचे. तिकडे मिळतात, पण लांबीचे आणि पंखांचे आकडे वाचत दुकानात उभं राहायला ग्रुप टूरमध्ये वेळ देत नाहीत. पाळी पुढे ढकलायची गोळी घेणार असाल तर डॉक्टरांना विचारूनच, मैत्रिणीच्या सल्ल्याने नको.

पसारा_आवर

एक राहिलं. आमची बॅग एकदा दोन दिवस उशिरा आली. हातातल्या पिशवीत एका दिवसाचं सगळं ठेवा: ब्रश, औषधं, आतले कपडे, कंगवा. उरलेलं चेक-इनला.

निळीशाई

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. चौदाच्या सहा झाल्या. रेटिनॉल निघालंच, लेक दोन दिवस बोलत नाहीये. खोबरेल आता लोणच्याच्या जुन्या बरणीत आहे, धुऊन, तरी थोडा हिंगाचा वास येतोय. सासूबाईंना बॅग हरवायचा किस्सा वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे टिकल्यांची पाकिटं काढली आणि चौघांच्या चारही बॅगांत एकेक ठेवलं. नवऱ्याच्यासुद्धा.