मदत हवी आहे: वाइंडिंगला आलेल्या नव्या पोरांना शिकवायचं कसं?

नमस्कार मंडळी,

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या एका छोट्या ट्रान्सफॉर्मर कारखान्यात मी क्वालिटी बघते. ऐंशी-एक माणसं, काम ११०००/४३३ व्होल्टच्या वितरण ट्रान्सफॉर्मरचं. दिवाळी-छठला गावी गेलेल्यांपैकी बरेच परत आलेच नाहीत, म्हणून वाइंडिंगला (तार गुंडाळून कॉइल बनवायच्या कामाला) नऊ नवी पोरं घेतली. दोघं तरसाली आयटीआयची, बाकीची बिहार-ओडिशाची. शेठ म्हणाले, "बेन, आ लोकोने ट्रेनिंग आपी दो."

दिली. शनिवारी कॅन्टीनमध्ये पडदा लावून तीन तास, ६४ स्लाइडी. शेवटी वीस मार्कांची परीक्षा, सगळे पंधराच्या वर. अभिप्रायाच्या कागदावर सगळ्यांचं 'बहुत अच्छा' (समोसे खरंच चांगले होते).

पंधरा दिवसांत तीन कॉइल टेस्टिंगला पडल्या. दोन रेशोला, म्हणजे दोन्ही बाजूंच्या वेढ्यांच्या गुणोत्तराला: फेजला ४४ यायला हवं, अर्ध्या टक्क्याच्या वर फरक चालत नाही, आणि इथे ४३.२. तिसरीत थरांमध्ये शॉर्ट. उघडली तर तारेच्या जोडावर ब्रेझिंगचा (धातू वितळवून सांधण्याचा) बारीकसा काटा राहिलेला, त्याने मधला कागद टोचला होता.

शेठना आता 'अजून एक ट्रेनिंग' हवंय. तेच परत करून काय होणार? मार्चच्या ऑर्डरी डोक्यावर आहेत. कोणी शॉप फ्लोअरवर शिकवलं असेल तर सांगा प्लीज.

शेवउसळ_जादातरी: बाहेरचा ट्रेनर बोलवा, ढीगभर मिळतात. खेळ-बिळ घेतात, पोरं खूश असतात.

धागाकर्ती: खूश ती आत्ताही आहेत हो. कॉइल पडतायत!

निवृत्त_फोरमन: ताई, एक विचारतो. त्या तिन्ही कॉइल गुंडाळताना मध्ये तार तुटली होती का? शॉपचं रजिस्टर बघा.

धागाकर्ती: काका, आत्ता बघून आले. तिन्हींत तुटली होती, तिसरीत तर दोनदा. आणि माझ्या ६४ स्लाइडींत तार तुटल्यावर काय करायचं हे कुठेच नाही.

निवृत्त_फोरमन: असणार कसं! स्लाइडी पुस्तकावरून केल्या असतील, आणि पुस्तकात तार तुटत नाही. रेशो कमी आला त्याचं कारणही बहुतेक हेच. तार तुटली की पाच-पन्नास वेढे सोडवतात, पण वेढे मोजणारा काउंटर मागे घ्यायला विसरतात. मग काउंटरवर वेढे पुरे, कॉइलमध्ये कमी.

आता असं करा. तुमच्याकडचा सगळ्यात जुना वाइंडर गाठा. त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसा आणि मुद्दाम तार तोडायला लावा. कागदावर तीन रकाने: काय केलं, त्यात हाताची खुबी कोणती, आणि ती का. तिसरा रकाना त्याला विचारल्याशिवाय भरू नका.

मग एका वेळी एक पोर, फार तर दोन. आधी विचारा, पूर्वी काय काम केलंय. मग तीनदा दाखवा: पहिल्यांदा नुसतं, दुसऱ्यांदा खुब्या सांगत, तिसऱ्यांदा कारणं सांगत. त्यानंतर त्याला करू द्या, आणि करताना त्याच्याच तोंडून कारण वदवून घ्या. चुकला की तिथल्या तिथे थांबवा. जमलं की मशिनवर सोडा, अडलं तर कोणाला हाक मारायची ते सांगा, आणि पहिले काही दिवस फेरी मारत राहा. ही पद्धत माझी नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कारखान्यांत एकदम नवखी माणसं भरली, तेव्हा १९४० ते ४५ 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा सरकारी कार्यक्रम चालला, त्यातून आलेली आहे. पुढे जपानने ती उचलली. कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलंच नाही, असा त्यांचा रोखठोक हिशोब होता.

ग्वाल्हेरची_एचआर: काकांना +१. मोजण्याबद्दल एवढंच: डोनाल्ड कर्कपॅट्रिकने १९५९ मध्ये चार पायऱ्या मांडल्या. आवडलं का, कळलं का, कामात उतरलं का, आणि धंद्याला फरक पडला का. तुमचा अभिप्राय पहिली पायरी, परीक्षा दुसरी. टेस्टिंगचं रजिस्टर चौथी, ते तुमच्याकडे आयतं आहे. तिसरी कोणीच बघितली नाही, ती मशिनजवळ उभं राहूनच दिसते. जाता जाता, तीस किंवा जास्त माणसं असतील तर कायद्याने अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. ते दिवाळीच्या आधीच घेऊन ठेवत जा.

धागाकर्ती: अपडेट. आमच्या वाइंडिंगच्या काकांजवळ दोन दिवस बसले. जोड घासून झाला की ते कापसाचा बोळा त्यावरून अलगद ओढतात. एक जरी तंतू अडकला तरी पुन्हा घासतात. सव्वीस वर्षं करतायत, कोणाला सांगितलं का नाही विचारलं तर म्हणाले, "कोईए पूछ्युंज नथी." आणि काउंटरवर हात ठेवल्याशिवाय वेढे सोडवत नाहीत. दुसऱ्या रकान्यात अकरा खुब्या झाल्या, स्लाइडीत त्यातली एकही नव्हती.

पण नवीच पंचाईत झालीय. काकांची मजुरी कॉइलमागे ठरते. पोराला शिकवलं की त्यांच्या दिवसाच्या दोन कॉइल कमी होतात. त्यामुळे पोर जरा अडखळलं की त्याच्या हातातून तार काढून घेतात आणि स्वतःच उरकतात. शेठना काय सांगू?

निवृत्त_फोरमन: शिकवण्याच्या दिवसांची मजुरी मागच्या तीन महिन्यांच्या सरासरीने बांधून द्या म्हणावं. नऊ पोरं, रोज दोन, म्हणजे पाच दिवस. पाच दिवसांच्या दहा कॉइलची मजुरी एका बाजूला मांडा आणि त्या तीन पडलेल्या कॉइलचं तांबं, कागद, भट्टी, पुन्हा गुंडाळणं दुसऱ्या बाजूला. बोलू नका, कागद टेबलावर ठेवा. आणि शिकवताना काकांना हात मागे बांधून उभं राहायला सांगा. मला माझ्या उस्तादाने तसंच शिकवलं, बिचाऱ्याचे हात शिवशिवायचे.

धागाकर्ती: कागद केलाय. शेठ उद्या अकराला येतात.