शेल्व्ड चित्रपट : रखडलेला, रोखलेला की मागे घेतलेला?

पार्क चौक :
सोलापुरात पत्रकारिता शिकते आहे. प्रकल्पाला विषय घेतलाय 'द इंटरव्ह्यू' या हॉलिवूडपटाच्या (उत्तर कोरियाच्या नेत्याच्या हत्येच्या कटावरचा विनोदी चित्रपट) प्रदर्शनाच्या बातम्यांची तुलना. प्रकरण बऱ्याच जणांना आठवत असेल. नोव्हेंबर २०१४ मध्ये सोनी पिक्चर्सचे संगणक फोडले गेले, पुढे चित्रपटगृहांना धमक्या आल्या, मोठ्या चित्रपटगृह-साखळ्यांनी अंग काढून घेतलं आणि १७ डिसेंबरला कंपनीने नाताळचं प्रदर्शन रद्द केलं. दोन दिवसांनी ओबामांनी जाहीरपणे ही कंपनीची चूक आहे म्हटलं. मग २४ तारखेला चित्रपट इंटरनेटवर आला आणि २५ ला निवडक चित्रपटगृहांत लागला. उत्तर कोरियाने तर जूनमध्येच त्याला युद्धाची कृती म्हटलं होतं.

इंग्रजी बातम्यांतल्या 'शेल्व्ड'ला (शब्दशः, फळीवर ठेवून दिलेला) मी 'रखडलेला' लिहिलं. सरांनी ते खोडून 'बंदी घातलेला' केलं. मला ते पटत नाही, कारण अमेरिकेत बंदी कुणी घातलीच नव्हती. दुसरा अडलेला शब्द 'बायस'. पूर्वग्रह, पक्षपात, कल, तिन्ही लिहून पाहिले, एकही सगळीकडे चालत नाही. प्रकल्पाच्या नावातच हे दोन्ही शब्द आहेत.

मुद्रितशोधक :
ताई, तुमचं बरोबर आहे. बंदी घालायला अधिकार लागतो. सरकार बंदी घालतं, न्यायालय स्थगिती देतं, निर्माता माघार घेतो, वितरक हात वर करतो. चारही वेळा प्रेक्षकाला चित्रपट दिसत नाही, पण बातम्या चार वेगळ्या असतात. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांवरचा 'ब्लॅक फ्रायडे' २८ जानेवारी २००५ ला लागणार होता. बॉम्बस्फोट खटल्यातल्या आरोपींच्या अर्जावरून मुंबई उच्च न्यायालयाने टाडा (दहशतवादविरोधी कायदा) न्यायालयाच्या निकालापर्यंत तो थांबवला. लागला ९ फेब्रुवारी २००७ ला. ती स्थगिती होती आणि तिला कारण होतं : खटल्यावर परिणाम होऊ नये. आजही लोक त्याला 'बंदी घातलेला चित्रपट' म्हणतात आणि त्या एका शब्दाने ते कारणच पुसलं जातं.

पण 'रखडलेला'ही नको. रखडतं ते पैशावाचून, ढिलाईने. आपली विमानसेवा रखडली होती. 'द इंटरव्ह्यू' तयार होता, तारीख ठरलेली होती.

बाळीवेस :
मुद्रितशोधकांनी विमानसेवेचं नाव काढलंच आहे, तर त्यातलंच उदाहरण देते. जून २०२३ मध्ये विमानतळाजवळच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी (धुराडं) गेली. विमानसेवा हवी म्हणणारे सांगायचे, 'अडथळा दूर झाला.' कारखान्याचे ऊस उत्पादक सभासद म्हणायचे, 'चिमणी पाडली.' मधलं कुणी बोलायचं, 'चिमणी पडली.' एकाच घरात जेवताना ही तीन वाक्यं मी ऐकली आहेत. कोण कुठल्या बाजूचा हे क्रियापदावरून कळायचं.

मराठीत ही सोय (खरं तर धोका) फार मोठी आहे. पडणे-पाडणे, अडणे-अडवणे, थांबणे-थांबवणे, लांबणे-लांबवणे. पहिल्या रूपात करणारा दिसत नाही, दुसऱ्यात तो विचारावाच लागतो. 'प्रदर्शन लांबलं' लिहिणाऱ्या बातमीदाराला कुणाचंच नाव घ्यावं लागत नाही. 'प्रदर्शन लांबवलं' लिहिलं की संपादक विचारणार, कुणी? ताई, तुम्ही बातम्यांची तुलना करताय ना, मग विशेषणं मोजू नका, क्रियापदं पाहा. 'वादग्रस्त', 'बहुचर्चित' हे सगळेच लिहितात. 'सोनी झुकली', 'सोनीने माघार घेतली', 'धमक्यांमुळे प्रदर्शन रद्द झालं' या तीन मथळ्यांत दोषी तीन वेगळे आहेत.

पार्क चौक :
हे फार कामाचं आहे, मनापासून आभार. म्हणजे 'शेल्व्ड'ला एकच प्रतिशब्द ठरवला तर ज्याची तुलना करायची तेच पुसलं जाईल? पण प्रकल्पाच्या नावात काहीतरी एक लिहावंच लागणार.

शुद्धलेखन हवेच :
नावात 'बासनात गुंडाळलेला' लिहा. बासन म्हणजे पोथी, दप्तर बांधायचं कापड. अस्सल मराठी वाक्प्रचार आहे. नाहीतर 'दप्तरदाखल'. हल्ली वर्तमानपत्रांत 'थंड बस्त्यात' दिसतं, ते मात्र कृपा करून लिहू नका. ते हिंदीतलं जसंच्या तसं उचललेलं आहे. मराठीत बस्ता लग्नाचा असतो.

रीळ नंबर सात :
माझे वडील सिंगल स्क्रीनला ऑपरेटर होते. तिथे यातला एकही शब्द नव्हता. चित्रपट यायचा पेटीतून, रिळं डब्यात, डबे पेटीत. न आलेल्या चित्रपटाला 'पेटी आली नाही' आणि कायमच्या अडकलेल्याला 'डब्यात आहे'. बाहेर पोरं विचारायची, 'पिच्चर कधी येलालाय बे?' वडील सांगायचे, 'पेटी आली की.' वितरकाने पैशासाठी अडवली, सेन्सॉरने धरली की गाडी चुकली, हे गेटवरच्या माणसाला कधी कळायचं नाही. बाळीवेसताई म्हणतात तसं, करणारा गायब.

'डब्यातला चित्रपट' मला आवडतो. डब्यातलं बाहेर निघू शकतं. 'किस्सा कुर्सी का' हा राजकीय व्यंगपट बघा. आणीबाणीत त्याच्या प्रिंट आणि निगेटिव्ह नष्ट केल्या, लोकांनी १९७८ मध्ये पाहिला तो नव्याने चित्रित केलेला. पहिल्याला डब्यातला म्हणताच येत नाही, डबाच उरला नव्हता. तिथे सौम्य शब्द वापरणं म्हणजे नष्ट करणाऱ्याला वाचवणं.

मुद्रितशोधक :
तुम्ही 'सेन्सॉर' म्हणालात. १९८३ पासून त्या मंडळाच्या नावात सेन्सॉर नाही, प्रमाणन आहे. बातम्यांत मात्र अजून 'सेन्सॉरची कात्री'. हाही एक कलच.

रीळ नंबर सात :
नाव बदललं, कात्री तीच आहे. 'फुले' चित्रपट एप्रिल २०२५ मध्ये ११ तारखेला यायचा तो २५ ला आला, आणि मंडळाने सुचवलेल्या बदलांमध्ये जातींची नावं काढणंही होतं. लोक जे बघतात त्यालाच नाव देतात. 'प्रमाणन' म्हटलं की वाटतं, वजनमापावर शिक्का मारतायत.

शिंपीकाम :
आमचा गणवेशाचा धंदा आहे, सोलापुरात गणवेश शिवणारी घरं किती ते सांगायला नको. 'बायस'वर बोलतो. हा शब्द आम्हाला नवीन नाही, कापडातला आहे. उभ्या-आडव्या धाग्याला तिरकं कापलं की ते बायस. आम्ही त्याला उरेब म्हणतो, उरेब पट्टी. गळ्याला, मुंढ्याला लावतो. कापड तेच, धागा तोच, पण तिरकं कापल्यामुळे ताणलं जातं आणि हव्या त्या वळणाला बसतं. बातमीचंही असंच होतं. खोटं काहीच लिहिलेलं नसतं. ओबामा बोलले हे खरं, धमकी आली हे खरं, कंपनीने रद्द केलं हेही खरं. कापलेलं तिरकं असतं. म्हणून 'उरेब बातमी' म्हणा. पूर्वग्रह मनातला, पक्षपात वागण्यातला, उरेब मांडणीतला.

बाळीवेस :
दादा, हे सुंदर आहे. आणि तुमचं शेवटचं वाक्य ताईच्या दुसऱ्या प्रश्नाचं नेमकं उत्तर आहे. बातमीदाराच्या मनात काय होतं हे आपल्याला कळत नाही, म्हणून 'पूर्वग्रह' लिहिणं म्हणजे आरोप. छापलेलं मात्र आपण दाखवू शकतो. त्याला 'झुकतं माप' हा वाक्प्रचारही आहे, घराघरांतलं 'डावंउजवं करणं'ही आहे.

शुद्धलेखन हवेच :
उरेब फारसीतून आला आहे. 'कल' हा साधा शब्द असताना तो कशाला? आणि शिवणकाम न येणाऱ्या वाचकाला तो कळणारही नाही.

शिंपीकाम :
शिवणकाम येणाऱ्या बायका या शहरात हजारोंनी आहेत, त्या वाचक नाहीत का? दप्तर फारसीच ना? मग तुमचं 'दप्तरदाखल' कसं चालतं? तो शब्द कचेरीतला आणि माझा शिलाई मशीनवरचा, एवढाच फरक.

शुद्धलेखन हवेच :
तीनशे वर्षं रुळलेला शब्द आणि आज नव्या अर्थाने आणलेला शब्द यांत फरक करावाच लागतो. माझा राग फारसीवर नाही, उसन्या वाक्यरचनेवर आहे. 'थंड बस्त्यात'वर मी त्यासाठीच बोललो.

चाटी गल्ली :
बस्त्यावर मला बोलू द्या. आमच्या दुकानात गावोगावची लग्नघरं बस्त्याला, म्हणजे लग्नाच्या कापडखरेदीला येतात. बस्ता हाही फारसीच, बांधलेलं गाठोडं. कापडाचं बांधा नाहीतर कागदांचं. मग 'थंड बस्ता' परका कसा? फक्त 'थंड' परकं आहे. 'बस्त्यात पडलाय' म्हणा.

शुद्धलेखन हवेच :
बस्त्यात पडलाय म्हटलं तर ऐकणारा विचारेल, लग्न कुणाचं?

पार्क चौक :
क्षमा असावी, पण 'न्यूड'चं काय म्हणायचं? २०१७ मध्ये परीक्षकांनी तो गोव्याच्या महोत्सवासाठी निवडला होता, माहिती व प्रसारण मंत्रालयाने यादीतून काढला, एप्रिल २०१८ मध्ये तो नेहमीसारखा चित्रपटगृहांत लागला. हा डब्यातला, रोखलेला की वगळलेला? मला मराठी उदाहरणही जोडायचं आहे.

मुद्रितशोधक :
वगळलेला. यादीतून नाव जातं तेव्हा 'वगळणे'. पण वगळला कुणी हे त्याच वाक्यात लिहा.

चाटी गल्ली :
आमच्याकडे बस्ता 'बांधतात'. काही भागांत बस्ता 'फाडतात' असंही ऐकलंय, कापड ताग्यावरून फाडून देतात म्हणून. मंगल कामाला फाडणे कसं चाललं, हे कुणी सांगेल का?

शिंपीकाम :
फाडलेलं कापड सरळ धाग्यावर फाटतं, कात्रीसारखं वाकडं जात नाही. जुने कापडवाले म्हणून फाडूनच द्यायचे. त्यात अशुभ काही नाही.

शुद्धलेखन हवेच :
'बस्ता फाडणे' मी लहानपणापासून घरात ऐकत आलोय. 'बांधणे' हेच नंतरचं असावं असं माझं मत आहे.

चाटी गल्ली :
ते मान्य नाही. बस्त म्हणजेच बांधलेलं, मग बांधणे नंतरचं कसं?